अधू कुत्र्याला घर हवे आहे

चेन्नईहून कुंभकोणमला जाणारी बस कोळ्ळिडम नदी ओलांडते ती अणैक्करै येथे. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८३६ साली बांधलेला बंधारा याच ठिकाणचा. तेथून थोडे पुढे गेले की तिरुप्पनंदाळ लागते. गाव लहान, पण शिवाचे जुने देऊळ आणि काशी मठ यांमुळे यात्रेकरूंची ये-जा असते. मराठी माणसालाही हा मुलूख परका नाही. जवळच्या तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते आणि त्या काळी गेलेली मराठी घराणी आजही तेथे नांदत आहेत.

तिरुप्पनंदाळच्या देवळाची एक कथा सांगतात. ताटका नावाची एक स्त्री रोज देवाला हार घालत असे. (रामायणातली ताटका ती ही नव्हे.) एके दिवशी दोन्ही हातांत हार धरलेला असताना तिचे वस्त्र सुटू लागले. तिने ते कोपरांनी दाबून धरले, पण मग हात वर जाईनात. तेव्हा देवानेच मान खाली केली आणि हार घालून घेतला. शिवलिंग कललेले राहिले. पुढे हत्ती लावूनही ते सरळ होईना, म्हणून कुंगिलियक्कलय नायनार या भक्ताने दोर स्वतःच्या गळ्यात अडकवून ते ओढले, असे कथा सांगते. हात वर जात नाहीत म्हणून देवाने वाकायचे, ही कल्पना मोठी गोड आहे. देवळात सगळ्यांनाच ती आवडते. देवळाबाहेर, रस्त्यावर, ती अमलात आणणे मात्र फार कठीण जाते.

समजा, याच रस्त्यावर बसचा धक्का लागून एखादे कुत्रे पडले आहे. पुढचे पाय हलतात, मागचे नुसते फरपटतात. दर्शनाला आलेले एक कुटुंब थांबते. मुले रडू लागतात, बाई पाणी पाजते. कोणी बिस्कीट टाकतो, कोणी गुरांच्या दवाखान्याचा पत्ता सांगतो. पशुवैद्यक महाविद्यालय ओरत्तनाडूला, म्हणजे तंजावरच्याही पलीकडे. कुटुंबाची संध्याकाळची गाडी ठरलेली आहे. आणि समजा, एवढे सगळे करून कोणी त्या कुत्र्याला डॉक्टरांकडे नेलेच, त्याचा जीव वाचलाच, तर त्यानंतर काय? जखमा तीन आठवड्यांत भरतात. पाय मात्र परत येत नाहीत. आता हे कुत्रे रस्त्यावर सोडता येत नाही आणि सोबतही नेता येत नाही. खरी अडचण येथून सुरू होते. जीव वाचवायला धावणारी माणसे आपल्या देशात कमी नाहीत. वाचलेल्या जिवाला दहा-बारा वर्षे घरात जागा देणारी माणसे मात्र शोधावी लागतात.

ती कशी शोधायची, यात बहुतेकांची एक चूक होते. दयेला आवाहन केले की घर मिळेल, असे त्यांना वाटते.

हळहळ लाखोंची, घर एक

जुलै २०१६ मध्ये चेन्नईतील एका चित्रफितीने देशभर संताप उसळला. एका तरुणाने कुत्रीच्या लहान वयाच्या पिलाला गच्चीवरून खाली फेकले आणि दुसऱ्याने त्याचे चित्रण केले. सगळ्यांनी धरून चालले होते की ते पिलू मेले. पण प्राणिमित्रांनी त्या भागात शोध घेतला तेव्हा ते काही दिवसांनी जिवंत सापडले. पायाचे हाड मोडलेले, पाठीला मार लागलेला. तिचे नाव ठेवण्यात आले भद्रा. उपचार झाले आणि चेन्नईतल्याच एका प्राणिप्रेमी तरुणाने तिला घरी नेले.

चित्रफीत पाहून हळहळणारे लाखो होते. त्यांत खोटेपणा नव्हता. पण हळहळ वाटणे आणि मोडक्या पायाच्या पिलाला रोज उचलून बाहेर नेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भद्राला घर मिळाले ते त्याच शहरात. प्राण्यांत वावरणाऱ्या, काय अंगावर घेतो आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाकडे. अधू कुत्र्यांच्या बाबतीत बहुधा असेच घडते. म्हणूनच ज्याला घर शोधायचे आहे त्याने हजारो अनोळखी लोकांच्या दयेमागे धावण्यापेक्षा आधी आपल्या गावातले, आपल्या ओळखीतले, कुत्रे बाळगलेले पाच-दहा लोक गाठावेत. गल्लीतला औषधांचा दुकानदार, शाळेतल्या बाई, पशुवैद्यकांकडे नियमाने येणारी मंडळी. कामाची माणसे येथेच भेटतात.

याचा अर्थ जाहीर आवाहन करूच नये असा नाही. उद्योगपती रतन टाटा यांनी २०२० साली इन्स्टाग्रामवर एका कुत्र्यासाठी आवाहन केले होते. त्याचे नाव स्प्राइट. अपघातात ते पांगळे झाले होते. त्याआधी मायरा नावाच्या कुत्र्यासाठीही त्यांनी असेच घर मागितले होते. मुंबईच्या बॉम्बे हाऊसमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना मुक्तद्वार ठेवणाऱ्या या माणसाच्या शब्दाला वजन होते, यात शंका नाही. पण त्या आवाहनातली घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. स्प्राइट पांगळे आहे, हे त्यात लपवलेले नव्हते. सर्वांत अवघड गोष्ट त्यात आधीच सांगून टाकलेली होती.

आपल्याकडे नेमके उलटे होते. 'गोड पिलू, थोडेसे लंगडते, प्रेमळ घर हवे' असे लिहून छान फोटो पाठवला जातो. थोडेसे म्हणजे किती, हे सांगितले जात नाही. लोक ऐकून बिचकतील ही भीती त्यामागे असते. पण न सांगितलेली गोष्ट घरी पोहोचल्यावर पहिल्याच रात्री कळते. मग नव्याचे नऊ दिवस संपतात आणि दहाव्या दिवशी फोन येतो, 'तुमचे कुत्रे घेऊन जा.' काही वेळा फोनही येत नाही. कुत्रे परस्पर कुठेतरी सोडून दिलेले असते. ज्याला एकदा कोणीतरी टाकले, त्याला दुसऱ्यांदा टाकले जाते. चालणारे कुत्रे रस्त्यावर कसेबसे निभावून नेईल. पांगळे नेणार नाही.

रोजचे काम काय असते?

मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे घर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक हवे. कण्याला मार बसला की केवळ पाय जात नाहीत, पुष्कळदा लघवीवरचा ताबाही जातो. लघवी थेंबथेंब गळत असते, त्यामुळे वाटते की होते आहे. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरलेले असते आणि जे सांडते ते वरचे. अशा कुत्र्याचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. पोटाच्या खालच्या भागावर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवून हळूहळू दाब द्यायचा. हे वाचून जमत नाही. पशुवैद्यकांनी एकदा हात धरून दाखवले की दोन-चार दिवसांत जमू लागते आणि महिन्याभरात पाच मिनिटांचे काम होते. लहान बाळाचे लंगोट बदललेल्या कोणत्याही आईला किंवा आजीला ते अवघड जाऊ नये. पण ते रोज करायचे असते. दिवाळीतही, घरात लग्न असतानाही, अंगात ताप असतानाही. लघवीला घाण वास येऊ लागला, ती गढूळ किंवा लालसर दिसली, तर जंतुसंसर्ग झाला असे समजून लगेच डॉक्टर गाठायचे.

दुसरे काम कातडीचे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने कंबरेच्या आणि कोपराच्या हाडांवर व्रण पडतात. माणसाला अंथरुणाला खिळल्यावर पडतात तसेच. त्यासाठी खाली जाड, मऊ अंथरूण हवे. जुन्या गोधडीइतके चांगले दुसरे काही नाही, कारण ती धुता येते. दर काही तासांनी कूस बदलायची. ओले झाले की लगेच पुसून कोरडे करायचे. फरशीवरून फरपटत गेल्याने पायांची वरची कातडी सोलते, म्हणून मोजे किंवा मऊ फडके गुंडाळायचे, पण करकचून नाही. डायपर घातले तर ते वेळेवर बदलायला हवे, नाहीतर फायद्यापेक्षा पुरळच जास्त.

तिसरे म्हणजे गाडी. मागच्या पायांच्या जागी दोन चाके असलेली ही गाडी पाहिली की लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. कुत्र्याला मात्र दुःख वगैरे काही नसते. सवय झाली की ते त्या गाडीसकट मांजरामागे धावते. विकतची गाडी मिळते, पण नळाच्या प्लॅस्टिक पाइपांची आणि लहान चाकांची गाडी गावातला हुशार मेकॅनिकही बनवून देऊ शकतो. माप नीट हवे, पट्टे रुतायला नकोत. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटेच जुंपायचे. गाडीत कुत्र्याला आडवे होता येत नाही, त्यामुळे ती घालून त्याला एकटे सोडून जायचे नाही. ही साधी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्या जनावरांचा पाय तुटला आहे, पण कणा शाबूत आहे, त्यांच्यासाठी कृत्रिम पायही निघाले आहेत. जयपूरचे पशुवैद्यक डॉ. तपेश माथुर यांनी कृष्णा नावाच्या वासरासाठी असा पाय तयार केला आणि 'कृष्णा लिंब' या नावाने तो ओळखला जाऊ लागला. माणसांच्या जयपूर फूटचेच गाव, तेव्हा यात नवल नाही.

हे सगळे वाचून घाबरायला होईल. पण मागचे पाय गेलेले कुत्रे हे सर्वांत अवघड उदाहरण आहे. तीन पायांचे कुत्रे तर जवळजवळ कसलीच अपेक्षा करत नाही. त्याचे वजन वाढू द्यायचे नाही आणि गुळगुळीत फरशीवर जाजम अंथरायचे, बस्स. आंधळे कुत्रे नाकाने आणि कानाने घर पाठ करते. फक्त आपण खुर्च्या-टेबले इकडची तिकडे करायची नाहीत, जिन्याच्या तोंडाशी आडवी फळी लावायची आणि हात लावण्याआधी हाक मारायची. बहिऱ्या कुत्र्याला हातांच्या खुणा शिकवता येतात. मात्र त्याला रस्त्यावर मोकळे सोडणे म्हणजे जीवघेणे, कारण गाडीचा भोंगा त्याला ऐकूच येत नाही. डिस्टेंपर या रोगातून वाचलेल्या पिलांच्या अंगाला कधी कधी आयुष्यभर झटके येत राहतात. झोपेतही पाय उडतो. पाहणाऱ्याला ते भयंकर वाटते, कुत्रे मात्र खाते-पिते, खेळते. फिट येत असतील तर गोळ्या वेळच्या वेळी द्याव्या लागतात आणि आपल्या मनाने त्या एकाएकी बंद करायच्या नसतात.

आणि काही कुत्री तर उगाचच 'असाध्य' ठरवली जातात. रस्त्यावरच्या कुत्र्यांत जननेंद्रियावर रक्ताळलेली गाठ आढळते. लोक कर्करोग म्हणून हात आखडता घेतात. ही गाठ संसर्गाने होणारी असते आणि व्हिन्क्रिस्टीनच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण विरघळते. अळ्या पडलेली जखम पाहवत नाही, पण तीही स्वच्छ केली की भरून येते. तेव्हा घर शोधायला निघण्याआधी पशुवैद्यकांकडून स्पष्ट विचारून घ्यावे, की यातले बरे होणारे किती आणि कायम राहणारे किती.

कण्याच्या बाबतीत डॉक्टर एक परीक्षा घेतात. मागच्या पंजाचे बोट चिमट्याने जोरात दाबून पाहतात. कुत्र्याने पाय आखडून घेतला म्हणजे वेदना कळली, असे घरचे समजतात. तसे नसते. पाय नुसत्या प्रतिक्षेपानेही आखडतो. कुत्र्याने मान वळवून पाहिले, कण्हले, चावायला आले, तर वेदना मेंदूपर्यंत पोहोचली. ती पोहोचत असेल तर कुत्रे पुन्हा उभे राहण्याची आशा बरीच असते. ती नसेल, तर आशा फार कमी. घर शोधणाऱ्याने ही गोष्ट नव्या घराला सांगायला हवी. 'होईल हो बरे' असे म्हणणे ही प्रेमळ फसवणूक झाली.

येथे एक सावधगिरी. जखमी कुत्रे वेदनेने चावते, अगदी प्रेमळ असले तरी. त्याला उचलताना अंगावर जाड कापड टाकावे, कण्याला मार असेल तर सपाट फळीवर सरकवून न्यावे. कुठलाही अपघात नसताना अनोळखी कुत्र्याचे पाय लुळे पडले असतील, तोंडातून लाळ गळत असेल, भुंकण्याचा आवाज बदललेला असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. रेबीज नेहमी पिसाळलेल्या रूपातच येतो असे नाही, लुळेपणाच्या रूपातही येतो. चावले, ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. दया करणाऱ्याला ही सूट नाही.

गळ्यात मारायचे नाही

अधू कुत्रे बहुधा कोणातरी बाईच्या घरात येऊन थांबलेले असते. जवळजवळ प्रत्येक गल्लीत अशी एक बाई असते. तिच्याकडे आधीच दोन कुत्री असतात, सासूबाईंना ती आवडत नसतात, नवरा काही बोलत नाही, पण वर्तमानपत्र जरा जोरात उलगडतो. हे तिसरे आले ते 'फक्त आठ दिवसांसाठी'. आठाचे पंधरा होतात, पंधराचे दोन महिने. तिची झोप अर्धी होते. भाचीच्या बारशाला ती जात नाही, कारण मूत्राशय दाबायला घरी कोणी नाही. अशा वेळी जो कोणी 'मी नेतो' म्हणेल त्याच्या हाती कुत्रे देऊन मोकळे व्हावे, असे तिला वाटले तर तो तिचा दोष नाही. पण नेमक्या याच क्षणी तिने थांबायला हवे. कारण गळ्यात मारलेले कुत्रे परत येते, आणि परत येते ते जास्त बिघडून.

त्यापेक्षा तिने न्यायला आलेल्या माणसाला आपल्या घरी एक दिवस थांबवून घ्यावे. सकाळचे मूत्राशय रिकामे करणे, अंथरूण बदलणे, औषध, दुपारची कूस, संध्याकाळची गाडी, रात्रीचे पुन्हा सगळे. तिने करून दाखवायचे, मग त्याच्याकडून करून घ्यायचे. या एका दिवसात निम्मे इच्छुक गळतील. गळू द्यावेत. ते कुत्र्याच्या घरातून न गळता तिच्या घरातून गळले, हे फार चांगले झाले.

उरतील त्यांना प्रश्न विचारावेत, संकोच न करता. घरातली सगळी माणसे तयार आहेत का? दिवसा घरी कोण असते? जिना किती मजल्यांचा आणि लिफ्ट आहे का? घर भाड्याचे असेल तर मालकाला माहीत आहे का? जवळचा पशुवैद्यक किती अंतरावर? महिन्याचा औषधपाण्याचा खर्च डॉक्टरांकडून लिहून घेऊन तो आकडा समोर ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, तुम्ही आजारी पडलात किंवा परगावी गेलात तर दुसरे कोण करणार? हा प्रश्न अशुभ वाटतो म्हणून लोक टाळतात. रतन टाटांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांच्या टिटो या कुत्र्याच्या आजन्म देखभालीची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवल्याचे वर्तमानपत्रांत आले. आपल्यासारख्यांना मृत्युपत्र नको, पण दुसऱ्या एका माणसाचे नाव ठरलेले हवे, आणि त्या माणसालाही ते माहीत हवे.

मग महिनाभर तात्पुरते ठेवून पाहावे. हा महिना म्हणजे परीक्षा नव्हे. जमले नाही तर कुत्रे परत घेतले जाईल आणि कोणी नाव ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. परत देण्याची वाट उघडी असली की लोक कुत्र्याला परस्पर सोडून देत नाहीत. गंमत म्हणजे, वाट उघडी असली की ते परतही फारसे देत नाहीत. एका कागदावर दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. रेबीजची लस झालेली असावी आणि नसबंदीही, डॉक्टरांनी अधू शरीराला भूल सोसेल असे सांगितल्यावर.

सोसायटीचे लोक हरकत घेतील, ही भीती अनेकांना असते. प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. पण शेजाऱ्यांच्या दारात वास येऊ नये, हे पाहणे आपले काम आहे. सूचनांचा कागद दाखवून भांडण जिंकता येते, शेजार मिळत नाही.

कायद्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. कलाक्षेत्राच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. तेव्हा तो थोडा नव्हता, आज त्यात वडापावच्या दोन-तीन प्लेटी येतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात मात्र दत्तक घेण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. इच्छुकाने महापालिकेकडे अर्ज करावा आणि घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी त्याच्यावर राहील, असे त्यात म्हटले आहे. ही अट अधू कुत्र्याच्या बाबतीत अक्षरशः जीवनमरणाची आहे.

घर मिळालेच नाही तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. पुष्कळ जण म्हणतात, आश्रमात ठेवा. चेन्नईत कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९ साली सुरू केलेली ब्ल्यू क्रॉस आहे, मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे, पुण्यात २००७ पासून रेस्क्यू ही संस्था काम करते. ही माणसे फार मोठे काम करतात. पण आश्रमातल्या एका सेवकाच्या वाट्याला कितीतरी जनावरे असतात, आणि दिवसातून चार वेळा मूत्राशय दाबून घेणाऱ्या कुत्र्याला हवा असतो एकच, नेहमीचा हात. आश्रम उपचारांसाठी असतो. तेथे कुत्रे पोहोचवून आपण पुन्हा कधीही फिरकायचे नाही, हे टाकून देण्याचेच एक सभ्य रूप झाले. ठेवावेच लागले तर दर रविवारी जावे, औषधांचा खर्च उचलावा आणि घर शोधणे चालूच ठेवावे.

काही वेळा मात्र वेदना थांबत नाहीत, व्रण भरत नाहीत, कुत्रे खाणे सोडते आणि माणूस जवळ आला तरी शेपटीची मुळीच हालचाल होत नाही. अशा वेळी पशुवैद्यकांशी शांतपणे बोलून त्याला वेदनारहित मरण देणे, ही निर्दयता नाही. उलट आपल्याला त्याचे मरण पाहवत नाही म्हणून त्याला कुढत ठेवणे जास्त निर्दय आहे. पण हा निर्णय घर मिळाले नाही म्हणून, कंटाळा आला म्हणून घ्यायचा नसतो. आनंदाने जेवणारे, गाडीत धावणारे, दाराची कडी वाजली की कान टवकारणारे पांगळे कुत्रे हे मरणपंथाला लागलेले नसते. त्याला फक्त पाय नसतात. डॉक्टरांपुढे बोलताना हा फरक आपण स्वतःशी प्रामाणिकपणे करायला हवा.

आपल्याकडे कुत्र्याविषयी कथांना तोटा नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री उभी असतात. खंडोबाचे कुत्रे त्याच्या सोबत असते. युधिष्ठिराने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारले. आणि नामदेवांच्या हातची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा कोरडी कशी खाशील म्हणत ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ही कथा सांगून आपण लेकरांना झोपवतो. दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याला पोळी कोणी घातली, हे मात्र कथेत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

घर मिळाले, महिना ठीक गेला, सह्या झाल्या, की कुत्र्याला नेण्याचा दिवस येतो. त्याच्यासोबत त्याची जुनी गोधडी न धुता द्यावी. तिला ओळखीचा वास असतो आणि पहिल्या रात्री तोच कामाला येतो. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून द्याव्यात, नव्या घरच्यांनी तो कागद फ्रिजवर चिकटवावा. जेवण पहिले आठवडाभर तेच, त्याच वेळी. पहिल्या दोन-तीन दिवसांत कुत्रे खाणार नाही, कोपऱ्यात बसून राहील, कदाचित रात्री रडेल. नव्या घरातल्यांनी घाबरून लगेच फोन करू नये आणि जुन्या बाईनेही धावत भेटायला जाऊ नये, कारण तिला पाहिले की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आठव्या दिवशी मात्र फोन जरूर करावा. पहिला प्रश्न 'रमला का?' हा नको. आधी विचारावे, लघवी स्वच्छ होते आहे ना, किती वेळा, आणि कंबरेवरची कातडी लाल तर झालेली नाही.